पिंपरीची माती, चाकणची बॅटरी आणि संशोधनाचा वेग

पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्याजवळ 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. मालकी सरकारची, मदत जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची, आणि काम पेनिसिलिन देशातच तयार करण्याचे. लोकांच्या आठवणीत हा कारखाना पेनिसिलिनचा म्हणूनच राहिला आहे. पण तिथे एक संशोधन विभागही होता, आणि कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली तो नवी प्रतिजैविके शोधत होता. शोधण्याची रीत सरळ आणि कष्टाची होती. मातीचे नमुने गोळा करायचे, त्यांतले सूक्ष्मजीव वेगळे करून वाढवायचे, प्रत्येकाचा अर्क रोगकारक बुरशीवर किंवा जिवाणूवर सोडायचा आणि वाढ कुठे थांबते ते पाहायचे. या शोधातून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन हे बुरशीनाशक हाती आले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले तो पिंपरीच्याच मातीतला होता, म्हणून त्याचे शास्त्रीय नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले. पिकांवरच्या बुरशीसाठी वापरले गेलेले ऑरिओफंजिन हेही याच प्रयोगशाळेचे. मोटारी, फोर्जिंग आणि सुटे भाग यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आधुनिक जीवशास्त्राचे मूलभूत काम इतक्या आधी झाले होते, हे इथल्या शाळांतल्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे असे मला वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे विज्ञानातील संशोधन वेगवान होत आहे, या विषयाची ओळख करून देताना मी पिंपरीच्या मातीपासून सुरुवात केली, कारण काय बदलले आणि काय बदललेले नाही हे या जुन्या पद्धतीशी ताडून पाहिले तरच नीट कळते. मातीतून औषध शोधण्याच्या पद्धतीला एक मर्यादा होती आणि ती जगभर सगळ्यांनाच जाणवली. शेकडो नमुने तपासावेत आणि हाती यावे ते बहुधा आधीच माहीत असलेले प्रतिजैविक. तोच तो रेणू पुनःपुन्हा सापडू लागला, तसा कंपन्यांचा उत्साह ओसरला. दरम्यान जिवाणू मात्र थांबले नाहीत. लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली आणि त्यांतली जवळजवळ तीन लाख भारतातली होती. नवी प्रतिजैविके हवी आहेत आणि ती जुन्या वेगाने येत नाहीत, असा हा पेच आहे.

2020 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी या पेचावर एक वेगळा उपाय करून दाखवला. त्यांनी 2,335 रेणू घेतले, प्रत्येकाने ई. कोलाय या जिवाणूची वाढ रोखली की नाही हे प्रयोगशाळेत पाहिले आणि ती उत्तरे संगणकीय मॉडेलला शिकवली. मग सुमारे सहा हजार औषधी रेणूंची यादी मॉडेलपुढे ठेवून, यांतले कोणते जिवाणू मारतील, असे विचारले. मॉडेलने वर काढलेल्या 99 रेणूंची प्रत्यक्ष चाचणी केली तेव्हा 51 परिणामकारक निघाले. त्यांतला एक मधुमेहासाठी पूर्वी अभ्यासला गेलेला होता आणि त्याची रचना प्रचलित प्रतिजैविकांपेक्षा वेगळी होती. त्याला हॅलिसिन हे नाव मिळाले. पुढे याच मॉडेलने दहा कोटींहून अधिक रेणूंची संगणकीय छाननी काही दिवसांत केली. 2023 मध्ये अशाच रीतीने अॅबॉसिन सापडले. ते रुग्णालयांतल्या अॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या चिवट जिवाणूवर चालते. तिथे साडेसहा हजारांवर रेणूंची छाननी करायला मॉडेलला दोन तासही लागले नाहीत. दहा कोटी रेणू हातांनी तपासणे कोणत्याही देशाच्या कोणत्याही प्रयोगशाळेला शक्य नव्हते. म्हणून या वेगाला मी जाहिरातबाजी म्हणत नाही. तो खरा आहे.

आता याच कहाणीची दुसरी बाजू. हॅलिसिन जाहीर झाल्याला पाच वर्षे उलटली, तरी ते कोणत्याही रुग्णाला लिहून दिले जात नाही. अॅबॉसिनचेही तेच. यात मॉडेलचा काही दोष नाही. रेणू सापडल्यावर तो शरीरात टिकतो का, यकृताला आणि मूत्रपिंडाला इजा करतो का, हजारो किलो करायचा झाल्यास जमेल का, आणि मुख्य म्हणजे आजारी माणूस बरा होतो का, हे प्रश्न उरतात, आणि त्यांची उत्तरे प्राण्यांकडून आणि माणसांकडूनच मिळतात. वोक्हार्टचे नाफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक नोव्हेंबर 2024 मध्ये समारंभपूर्वक जाहीर झाले तेव्हा त्यामागे 14 वर्षांचे काम आणि सुमारे 500 कोटी रुपयांचा खर्च असल्याचे सांगण्यात आले. या कंपनीचे संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे हे उदाहरण आपल्या घरचेच. या 14 वर्षांतला बहुतेक काळ अमेरिका, युरोप आणि भारतातल्या मानवी चाचण्यांसह रेणू पारखण्यात गेला. रेणू उद्या दोन तासांत मिळू लागला, तरी या वर्षांतली किती कमी होतील, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

माझे म्हणणे असे आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेने संशोधनातली निवड अतिशय जलद केली आहे, आणि त्यामुळेच कसोटी आणि नोंद या दोन जुन्या, कंटाळवाण्या, कमी प्रतिष्ठेच्या कामांचे मोल एकदम वाढले आहे. ज्याच्याजवळ चांगली कसोटी आणि चांगली नोंद, त्याच्याच संशोधनाचा वेग खऱ्या अर्थाने वाढेल. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा या दोन्ही कामांत मुरलेला आहे. म्हणून या विषयाकडे फक्त हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी नव्हे, तर भोसरीच्या टूल रूमने आणि चाकणच्या टेस्ट बेंचवरच्या माणसानेही आपला विषय म्हणून पाहावे.

कसोटीचे मोल भोसरीकरांना वेगळे सांगायला नको. तिथल्या एमआयडीसीत 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. एड्सवरच्या लशीची भारतातील पहिली मानवी चाचणी 2005 मध्ये याच संस्थेत, 30 निरोगी स्वयंसेवकांवर झाली. लस सुरक्षित ठरली, पण तिने पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण केली नाही. कागदावर त्या लशीची रचना तर्कशुद्ध होती. शरीराने नाही म्हटले. हा नकार मिळवण्यासाठी स्वयंसेवकांना विश्वासात घ्यावे लागते, महिनोन्महिने त्यांच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि त्यांना काही झाले तर जबाबदारी घ्यावी लागते. यातले काही तास संगणक वाचवू शकेल, विश्वासाचे महिने वाचवू शकणार नाही. आशा दाखवणारे उदाहरणही आहे. फुफ्फुसे घट्ट होत जाणाऱ्या एका दुर्धर आजारावर रेंटोसर्टिब नावाचा रेणू इन्सिलिको या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने शोधला आणि घडवला. 71 रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आले आणि ते उत्साहवर्धक आहेत. पण 71 रुग्ण ही सुरुवात झाली. मोठ्या चाचण्या पुढेच आहेत, आणि त्या करायला जुनीच रीत लागेल.

यावर कोणी म्हणेल, कसोटीही यंत्राने जलद होणार नाही कशावरून? हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण औषधांत नसून बॅटरीत आहे, म्हणजे थेट चाकण-आकुर्डीच्या अंगणात. विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी किती वर्षे टिकेल हे कळायला ती शेकडो-हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज करून पाहावी लागते, आणि त्यात महिने जातात. 2019 मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटाच्या संशोधन संस्थेतील संशोधकांनी 124 सेलचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सेल 150 पासून 2,300 चक्रांपर्यंत टिकणारे होते. पहिल्या 100 चक्रांतल्या विद्युतदाबाच्या बारीक फरकांवरून सेल एकूण किती टिकेल हे मॉडेलने सुमारे 9 टक्के चुकीने सांगितले. त्या वेळी बहुतेक सेलची क्षमता मोजण्याइतकी घटलेलीही नव्हती. पुढच्याच वर्षी याच गटाने जलद चार्जिंगच्या 224 पद्धतींतून चांगल्या पद्धती 16 दिवसांत निवडून दाखवल्या. एकेक पद्धत शेवटपर्यंत तपासत गेले असते तर 500 दिवसांहून अधिक लागले असते. म्हणजे कसोटीही जलद झाली. हे मी मोकळेपणाने मान्य करतो आणि माझ्या म्हणण्याला त्यामुळे मुरड घालतो. पण ती कशामुळे जलद झाली ते पाहा. आधीच्या 124 सेलचे प्रत्येक चक्र, प्रत्येक क्षणाचा विद्युतदाब, प्रवाह आणि तापमान कोणीतरी ते सेल मरेपर्यंत नोंदवून ठेवले होते, आणि तो सगळा साठा जगासाठी खुला केला होता. अर्ध्यात थांबवलेली कसोटी विश्वासाची ठरली ती आधी पूर्ण केलेल्या कसोट्यांच्या जोरावर. शिवाय प्रयोगशाळेतल्या एका जातीच्या सेलवर शिकलेले मॉडेल मे महिन्यात चाळिशीला टेकलेल्या तापमानात, खड्ड्यांच्या रस्त्यावर, दोन माणसे आणि सामान वाहणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीबद्दल तितकेच खरे सांगेल असे गृहीत धरता येत नाही. 2022 साली देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे एआयएस-156 हे मानक अधिक कडक करण्यात आले. त्या चाचण्यांत मॉडेलच्या अंदाजाला जागा नाही. तिथे बॅटरी प्रत्यक्ष तापवतात, शॉर्ट करतात, आदळतात.

नोंदींचा मुद्दा इथून सुरू होतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रथिनांची त्रिमितीय रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्डचा सर्वत्र बोलबाला झाला. 2022 पर्यंत त्याने 20 कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले, आणि 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, डेव्हिड बेकर यांच्यासोबत, मिळाले. या यशाच्या पायाशी प्रोटीन डेटा बँक नावाचा सार्वजनिक साठा आहे. तो 1971 मध्ये सुरू झाला. जगभरच्या संशोधकांनी एकेका प्रथिनाचे स्फटिक करून, क्ष-किरणांनी पारखून, कधी एका रचनेवर पाच-पाच वर्षे घालवून, निष्कर्ष तिथे एकाच ठरलेल्या स्वरूपात जमा केले. असा साठा ज्या शाखेत नाही, तिथे तसे यश अजून दिसलेले नाही. हॅलिसिनच्या कहाणीतही एक तपशील दडलेला आहे. मॉडेलला शिकवलेल्या 2,335 रेणूंपैकी जिवाणू रोखणारे फक्त 120 होते. उरलेल्या 2,215 रेणूंबद्दलची नोंद एवढीच होती की काही झाले नाही. त्या नकारांवाचून मॉडेलला होकार ओळखता आला नसता. आपल्याकडे, आणि जगभरच, नकार छापण्याची प्रथा नाही. नियतकालिकात हॅमायसिन येते, ऑरिओफंजिन येते. त्यांच्या शोधात जे असंख्य अर्क निष्फळ ठरले ते नोंदवहीत राहतात, आणि नोंदवही पुढे कपाटात जाते. पुण्यात तरी मूळ सूक्ष्मजीव जपण्याची व्यवस्था चांगली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह 1951 पासून आहे आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी जोडलेला मोठा संग्रह 2009 पासून. जिवाणू जपले जातात, तसे त्यांच्यावर झालेल्या प्रत्येक प्रयोगाचे फलितही, फसलेल्यासकट, जपले गेले पाहिजे.

कारखान्यांनी ही सवय प्रयोगशाळांच्या आधी अंगी बाणवली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. चाकण किंवा भोसरीतला लहानसा पुरवठादारही मोठ्या कंपनीला भाग देताना बॅचनिहाय नोंद देतो. पोलादाची हीट कोणती, हीट ट्रीटमेंटचे तापमान काय, कडकपणा किती, रिजेक्शन किती आणि कशामुळे, हे सगळे ऑडिटसाठी लिहून ठेवलेले असते. विद्यापीठातल्या कित्येक प्रयोगशाळांत इतकी काटेकोर नोंद नसते. धातूशास्त्राच्या दृष्टीने ही वर्षानुवर्षांची प्रायोगिक माहिती आहे, आणि फसलेल्या बॅचसह ती उपलब्ध असल्यामुळे मॉडेल शिकवायला ती विशेष उपयोगी आहे. अडचण अशी की ती स्कॅन केलेल्या कागदांत, वेगवेगळ्या तक्त्यांत, वेगवेगळ्या एककांत विखुरलेली असते आणि ठेवण्याची मुदत संपली की टाकून दिली जाते.

आता उरलेले आक्षेप. पहिला आक्षेप असा की ही यंत्रे ठामपणे चुकीचे सांगतात, मग विज्ञानात त्यांचा काय भरवसा? उदाहरणे आहेत. 2023 च्या अखेरीस अमेरिकेतील बर्कली येथील यंत्रमानव चालवीत असलेल्या एका प्रयोगशाळेने 17 दिवसांत 41 नवी संयुगे तयार केल्याचे जाहीर झाले. लवकरच इतर रसायनशास्त्रज्ञांनी तिचे मोजमाप तपासले आणि त्यांत खरोखर नवीन असे काही नाही, असा दावा केला. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनी 44 टक्के अधिक नवे पदार्थ शोधले, असे सांगणारा एक शोधनिबंध 2024 मध्ये आला आणि जगभरची वर्तमानपत्रे, अर्थतज्ज्ञ, धोरणकर्ते तो आकडा उद्धृत करू लागले. 2025 च्या मे महिन्यात एमआयटीने जाहीर केले की त्या निबंधातील माहितीच्या उगमावर आणि खरेपणावर आपला विश्वास नाही. संशोधन किती वेगवान झाले हे सांगणारा सर्वांत लाडका आकडाच असा निघाला. ज्यांना या विषयाबद्दल आस्था आहे त्यांनी हे विसरू नये. पण या दोन्ही गोष्टी उघडकीस कशा आल्या? कोणीतरी मोजमाप पुन्हा तपासले, मूळ नोंदी मागितल्या. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही कसोटी आणि नोंद हेच आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. प्रयोगशाळेत नमुने तपासणारा, साहित्य चाळून टिपणे काढणारा तरुण संशोधक घरी बसेल का? साहित्य चाळण्याचे काम कमी होईल, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्या कामातूनच पूर्वी माणसे विषय शिकत होती, ही खरी हानी आहे. मार्गदर्शकांना शिकवण्याची दुसरी वाट शोधावी लागेल. प्रत्यक्ष तपासणीचे काम मात्र वाढेल असे मला वाटते, कारण निवडलेले उमेदवार रेणू, मिश्रधातू, सेल हे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने दाराशी येतील. पिंपरीतल्या आयटीआयमधून आणि डिप्लोमातून बाहेर पडणाऱ्या मुलांना मोजमापाचे शास्त्र, कॅलिब्रेशन आणि माहिती नीट मांडण्याचे कौशल्य आजच शिकवायला हवे.

तिसरा आक्षेप असा की मोठे संगणक परदेशी कंपन्यांचे, मॉडेल त्यांचे, मग आपल्याला काय मिळणार? पुण्याला हा प्रश्न नवा नाही. परदेशातून महासंगणक मिळेना तेव्हा 1988 मध्ये इथे सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था स्थापन झाली आणि 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला. त्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय 2020 च्या नोव्हेंबरात जगातल्या महासंगणकांत 63 वा होता. मार्च 2024 मध्ये केंद्राने इंडिया एआय मिशनसाठी 10 हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. त्यातून संशोधकांना सवलतीच्या दरात संगणन मिळू लागले आहे. संगणन विकत घेता येते. विकत घेता न येणारी गोष्ट म्हणजे काम जाणणारे हात. चीनमधून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागल्यावर भारतातले पेनिसिलिन-जीचे किण्वन बंद पडत गेले. देशाला ते पुन्हा सुरू करण्यासाठी 2020 मध्ये प्रोत्साहन योजना आणावी लागली आणि 2024 मध्ये काकीनाड्याला नवा कारखाना उभा राहिला. ज्या देशाने 1950 च्या दशकात पिंपरीत हे काम साधले होते, त्याला ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. उद्या एखाद्या मॉडेलने पिंपरीच्या मातीतल्या जिवाणूतून अत्यंत गुणकारी रेणू शोधून दिला आणि तो फर्मेंटरमध्ये वाढवणारा माणूस उरलेला नसला, तर तो शोध दुसऱ्या देशाचा होईल.

शेवटचा आक्षेप कारखानदारांचा आहे आणि तो त्यांनी मोकळेपणाने मांडला पाहिजे. आमच्या रिजेक्शनच्या नोंदी आम्ही स्पर्धकाला का दाखवाव्यात? त्या दाखवायला कोणी सांगतही नाही. 2019 ते 2022 या काळात युरोपात मेलोडी नावाचा प्रकल्प झाला. त्यात एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या दहा औषध कंपन्या सामील होत्या. प्रत्येकीची माहिती तिच्याच भिंतीआड राहिली. मॉडेल प्रत्येकीच्या संगणकावर जाऊन शिकले, आणि फक्त शिकलेले गुणांक एकत्र केले गेले. सुधारणा अचाट नव्हती, माफक होती, पण दहाही कंपन्यांना स्वतःच्या एकट्याच्या मॉडेलपेक्षा एकत्र शिकलेले मॉडेल सरस ठरल्याचे दिसले. असे काम करायला एक तटस्थ घर लागते, आणि ते या पट्ट्यात आहे. वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून 1966 मध्ये उभारलेल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे चाकणला केंद्र आहे. तिचा फोर्जिंग विभागही तिथेच आहे. भोसरीत 1967 पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. स्पर्धक कंपन्या आपली वाहने आणि भाग तपासायला या संस्थांत आजही एकाच दारातून जातात. बॅटरीच्या आयुष्याच्या चाचण्या आणि फोर्जिंगच्या फसलेल्या बॅच, एवढ्या दोनच विषयांपासून आरंभ करता येईल. त्यासाठी आधी नोंदीचे स्वरूप ठरवावे लागेल. तापमान कोणत्या ठिकाणी मोजले, उपकरण शेवटचे कधी कॅलिब्रेट झाले, चाचणी मध्येच थांबवली तर का, हे रकाने सगळ्यांच्या तक्त्यात एकसारखे हवेत. या रकान्यांवर सहमती करायला वर्ष-दोन वर्षे लागतील, आणि ते काम धातूशास्त्रज्ञ, चाचणी अभियंते आणि शॉप फ्लोअरवरचे क्वालिटी इन्स्पेक्टर यांनी एका टेबलाशी बसूनच करायचे आहे.